चोविसातला एक

फोन वाजला तेव्हा ताई दुसऱ्या वर्षाच्या वर्गात होती. ती कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवायची. तिथे तिला मॅडम म्हणत; पण घरी धाकट्या भावाने जे नाव पाडलं ते ओळखीपाळखीत सगळीकडे पसरलं होतं आणि तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणायची. फोन भावजयीचा होता. भावजय भरदुपारी कधी फोन करत नसे, म्हणून ताई वर्गाबाहेर आली.

"यांना घरी पाठवलंय," भावजय म्हणाली. "लघवीच्या तपासणीत नशा निघाली म्हणतात."

भाऊ बंदरातल्या कंटेनर यार्डात क्रेन चालवायचा. बावीस वर्षं तेच काम. उंच, मानेने लांब, आणि दिवसभर वरच्या केबिनमध्ये बसून खाली वाकून बघायचं, म्हणून यार्डात त्याला बगळा म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे; फोनवरसुद्धा तो "बगळा बोलतोय" असंच म्हणायचा. व्यसन म्हणाल तर रेडिओवरच्या बातम्यांचं, तेही दुसऱ्या कुणी रेडिओ लावला तर. मागच्या आठवड्यात यार्डाने एका दिवसात सगळ्या सहाशे चाळीस माणसांचे नमुने घेतले होते आणि त्यातल्या चोवीस जणांना आज दुपारी फाटकाबाहेर काढलं होतं. चोविसात बगळा एक.

ताईने फोन ठेवला आणि तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं त्याची तिला पुढे कित्येक महिने लाज वाटत राहिली. तिच्या मनात आलं, हे तर मला येतं.

कारण हेच कोडं ती दर वर्षी वर्गाला घालायची. एखादा आजार शंभरात एकाला असतो. चाचणी चांगली आहे, आजारी माणूस तिच्यातून सहसा सुटत नाही. पण निरोगी माणसालाही ती शंभरातून तीनदा चुकून पकडते. एक माणूस सापडला. तो खरंच आजारी असेल का? मुलं हमखास सांगत, सत्त्याण्णव टक्के. एखादा हुशार पंच्याण्णव म्हणे. मग ती त्यांना वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहायला लावायची, आणि उत्तर जेमतेम पंचवीस टक्के निघालं की वर्गभर जो गलका उठायचा तो तिला फार आवडायचा. ज्याचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक आहे असं वाटतं आणि सगळ्यांचं चुकतं, अशी गोष्ट हातात असण्यात एक मजा असते. ती मजा तिला त्या दुपारी, भावाची नोकरी गेल्याचं ऐकताना, पुसटशी का होईना पण वाटली होती.

संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेली. दोन खोल्यांचं घर, आतल्या खोलीत भाऊ पलंगाच्या कडेवर बसलेला, पायात अजून यार्डाचे बूट. भावजय म्हणाली, आल्यापासून पोटात काही नाही. ताईने त्याला विचारलं, अलीकडे कसली औषधं घेतली होतीस का. पाठीसाठी दुकानातून एक गोळी आणली होती, तो म्हणाला. पाकीट फेकून दिलं. मग त्याने खिशातून नोटीस काढून तिच्या हातात दिली. "तू वाच," म्हणाला. कागद म्हटला की तो लहानपणापासून तिच्याच हातात देत आला होता.

ताईने वाचली. चाचणीच्या पट्टीबद्दल बनवणाऱ्यांनी काय दावा केला आहे ते दोन ओळींत दिलं होतं, आणि तिची नजर तिथेच अडकली: घेणाऱ्याला शंभरातून पंच्याण्णव वेळा पकडते, न घेणाऱ्याला शंभरातून तीन वेळा चुकून पकडते. तिने तेवढे आकडे वहीत उतरवले. कागद उलटा केला. मागे क्रमांक टाकून यादी होती: शिरस्त्राण जमा करणे, बूट जमा करणे, कपाटाची किल्ली.

"मागे काही महत्त्वाचं आहे का हो ताई?" भावजयीने विचारलं.

"सामान परत करायची यादी आहे," ताई म्हणाली, आणि कागद तिच्याकडे दिला.

मग तिने भावाला टेबलाशी बसवलं. तुझ्या अंदाजाने यार्डात खरोखर नशा करणारे किती, तिने विचारलं. त्याने बोटांवर मोजलं. पाच-सहा, म्हणाला, सगळ्यांना माहीत आहेत. ताई म्हणाली, सहा धरू. ती त्याच्यासमोरच प्रोग्रॅम लिहायला लागली आणि लिहिता लिहिता समजावत गेली. ही सहाशे चाळीस माणसं. प्रत्येकाच्या नावाने संगणक एक चिठ्ठी उचलणार. सुमारे शंभरातून एकदा ती चिठ्ठी नशा करणाऱ्याची निघेल. मग दुसरी चिठ्ठी चाचणीची. नशा करणारा असेल तर शंभरातून पंच्याण्णव वेळा सापडेल, नसेल तर शंभरातून तीन वेळा उगाच सापडेल. आणि शेवटी आपण मोजायचं, सापडलेल्यांत खरे किती.

तिने बटण दाबलं. पडद्यावर राखाडी ठिपक्यांच्या रांगा आल्या आणि त्यातले काही लाल झाले. सव्वीस लाल. त्यातल्या फक्त सहांभोवती काळं कडं होतं; ते खरोखरचे. उरलेले वीस नुसतेच लाल. पुन्हा दाबलं: बावीस लाल, पाच खरे. पुन्हा: सत्तावीस, सात. मग तिने तेच दहा हजार वेळा करायला लावलं आणि सरासरी काढली. सापडलेले पंचवीस, त्यातले निर्दोष एकोणीस.

"बघितलंस?" ती म्हणाली. "तुमचे सापडले चोवीस. म्हणजे गणिताप्रमाणेच सापडले. त्यातले अठरा जण काहीही न करता सापडलेले आहेत. कुणाला सांगितलं तर पटत नाही, म्हणून मोजून दाखवायचं."

भाऊ लांब मान पुढे काढून ठिपक्यांकडे बघत होता.

"यातला मी कोणता?" त्याने विचारलं.

ताई हसली. "असं नसतं रे. हे नुसते आकडे आहेत. चारातले तीन निर्दोष, एवढंच हे सांगतं."

"मग मी तिघांतला की तो एक?"

"ते यातून कळत नाही."

"यातून नको. तू सांग."

ताईने पडद्याकडे बघितलं. तो एकोणीस वर्षांचा असताना चार-सहा महिने वाईट संगतीत होता. घरी थापा मारायचा, आणि त्या ताईनेच पकडल्या होत्या. त्याला आता तीस वर्षं झाली. तरी त्या क्षणी तिला नेमकं तेच आठवलं. तेवढ्यात तिच्या तोंडून निघून गेलं, "पंचाहत्तर टक्के तर तू निर्दोषच आहेस."

त्याने मान हलवली. पाळी बदलली म्हणून मुकादमाने सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तशी. मग उठून बाहेरच्या जिन्यात जाऊन बसला. भावजयीने टेबलावरचे कप उचलले आणि नळाखाली धरले. बराच वेळ ती तेच कप धूत होती.

ताईला कळलं नाही असं नाही. पण तिने स्वतःची समजूत घातली की नोकरी परत मिळाली की सगळं सुरळीत होईल. सुनावणीला एकोणीस दिवस होते. ते दिवस तिने प्रोग्रॅमवर घालवले. पडद्यावर आलेख आले. चाचणीची चूक कमी-जास्त करून बघायची सोय आली. यार्डात नशा करणारे दुप्पट धरले तर काय, तिप्पट धरले तर काय, तेही तिने तयार ठेवलं, म्हणजे कुणी फाटे फोडले तर तोंड बंद करता येईल. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी स्टाफरूममध्ये तो बघितला आणि म्हणाले, मॅडम, हा पुस्तकात छापण्यासारखा झालाय. कित्येक वर्षांत तिचं कामात इतकं मन लागलं नव्हतं. भावाच्या घरी ती या काळात दोनदा गेली. दोन्ही वेळा तो पाठ धरून झोपलेला होता, आणि भावजयीने बूट आणि किल्ली जमा करून पावती आणली असल्याचं सांगितलं.

सुनावणी यार्डाच्या कचेरीत, एका लांबट खोलीत झाली. टेबलापलीकडे कामगार अधिकारी, यार्डाची डॉक्टरीण आणि युनियनचा सेक्रेटरी. भावाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून तो बसला होता. आपल्या वतीने बहीण बोलेल, असं त्याने लिहून दिलं होतं. निदान सही तरी त्याची होती. अर्ज ताईने लिहिला होता.

ताई चांगली बोलली. वर्गात बोलायची तशीच, एकेक पायरी चढवत. आधी तिने तिघांनाही अंदाज विचारला. अधिकारी म्हणाला, पंच्याण्णव टक्के. सेक्रेटरीने खांदे उडवले. मग तिने ठिपके दाखवले. डॉक्टरीण पुढे सरकली, तिने दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके, आणि उत्तरं ऐकून ती खुर्चीत मागे टेकली. तिला पटलं होतं आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. ताईला बरं वाटलं.

कामगार अधिकारी पन्नाशीचा, शांत बोलणारा माणूस होता. त्याने चष्मा काढून पुसला.

"मॅडम, तुमचं गणित मला मान्य आहे," तो म्हणाला. "मी हे असं कधी बघितलं नव्हतं. पण तुमच्याच हिशोबाने या चोविसांत सहा जण खरे आहेत. यांच्या क्रेनला तीस टनांचा कंटेनर लटकतो आणि त्याखाली माणसं चालतात. चारात एक धोका आहे असं तुम्ही स्वतः म्हणता. मी यांना वर चढवू? तुम्ही माझ्या जागी असता तर चढवलं असतं?"

"म्हणूनच तर दुसरी तपासणी करा," ताई म्हणाली. "त्याच नमुन्याची. या पट्टीवर नको, प्रयोगशाळेत, दुसऱ्या पद्धतीने. म्हणजे खरे सहा आपोआप वेगळे होतील. माझी मागणी एवढीच आहे."

डॉक्टरणीने अधिकाऱ्याकडे बघितलं. अधिकाऱ्याने समोरच्या फायलीतून नोटिशीची प्रत काढली, उलटी केली आणि टेबलावरून ताईकडे सरकवली.

"सहावा मुद्दा," तो म्हणाला.

शिरस्त्राण, बूट, किल्ली, ओळखपत्र, जेवणघराची कुपनं. आणि त्याखाली, त्याच अक्षरात, त्याच शाईत: नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी मागणी केल्यास मूळ नमुन्याची प्रयोगशाळेत फेरतपासणी करण्यात येईल. त्यानंतर नमुना नष्ट करण्यात येईल.

"आता काही उपयोग नाही," डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. "आज नवीन नमुना घेतला तर तो आजचं सांगेल. तेव्हाचं नाही."

सेक्रेटरीने घसा साफ केला. चोविसांतल्या दोघांनी मागणी केली होती, त्याने सांगितलं. दोघेही निर्दोष निघाले आणि गेल्या सोमवारपासून कामावर आहेत. त्यातला एक हुकवाला होता; कंटेनरच्या कोपऱ्यांत साखळ्यांचे हुक अडकवायचं काम करायचा आणि सहीपुरतंच लिहायचा. त्याने नोटीस वाचलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कचेरीच्या पायरीवर येऊन बसला आणि येईल त्याला म्हणत राहिला, मी काही घेतलेलं नाही, पुन्हा बघा. दुपारपर्यंत हलला नाही, तेव्हा वैतागून एका कारकुनाने स्वतःच त्याचा अर्ज भरला आणि त्याची सही घेऊन त्याला वाटेला लावलं.

भावाने टेबलावरचा कागद आपल्याकडे ओढला. सहावा मुद्दा त्याने ओळीखाली बोट धरून वाचला, एकदा आणि पुन्हा एकदा. त्याने ताईकडे बघितलं नाही. कागद अधिकाऱ्याला परत केला, उठला, तिघांना नमस्कार केला आणि बाहेर गेला. ताईला लॅपटॉप मिटायला वेळ लागला, वायर कुठून काढायची तेच सुचेना. ती खाली पोचली तोवर तो फाटकाबाहेर पडला होता.

निकाल चार दिवसांनी आला. बावीस जणांना काढल्याचा निर्णय कायम. मात्र यापुढे पट्टीवर सापडलेल्या प्रत्येक नमुन्याची यार्ड आपणहून फेरतपासणी करेल आणि तोवर कुणावर कारवाई होणार नाही. पत्राच्या शेवटी समितीने ताईचे आभार मानले होते. कामगार अधिकाऱ्याने खाली हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या की तुमच्यामुळे पुढच्या कितीतरी माणसांवरचा अन्याय टळेल. त्यात खोटं काही नव्हतं. ताईने ते पत्र भावाला दाखवलं नाही. त्याची प्रत त्याला गेलीच होती.

महिन्याभराने डॉक्टरणीचा फोन आला. दुसऱ्या यार्डांतल्या अधिकाऱ्यांना तो प्रोग्रॅम दाखवाल का? ताई गेली. नाही म्हणायला हवं होतं असं तिला आदल्या दिवसापासून वाटत होतं, तरी गेली. अंदाज विचारला, सगळ्यांनी पंच्याण्णव-सत्त्याण्णव सांगितले, ठिपके लाल झाले, लोक चकित झाले, टाळ्या पडल्या. पुढे अशी बोलावणी येत राहिली. पहिल्या वेळी तिने सांगितलं होतं की त्या चोविसांत माझा भाऊ होता. तिसऱ्या वेळेपासून ती "एक क्रेनचालक" म्हणू लागली.

भावाशी बोलणं तुटलं नाही. तुटलं असतं तर भांडून तरी मोकळं होता आलं असतं. ती गेली की तो उठून बसायचा, तब्येत विचारायचा, आणि मग कुठलीतरी फळी ठोकायची आठवण होऊन आतल्या खोलीत जायचा. भावजय समोर बसून राहायची. एकदा ताईने तिची माफी मागितली, सहाव्या मुद्द्याबद्दल. भावजय म्हणाली, वाचायला मलाही येत होतं. वर म्हणाली, तुमच्यावर राग नाही हो. ती असं म्हणाली त्यावरून ताईला कळलं की घरात या विषयावर बोलणं झालेलं आहे आणि ते कधीच संपलेलं आहे.

पुढच्या वर्षी त्यांनी घर सोडलं. ताईला कळलं ते घरमालकाकडून. दूरच्या गावाबाहेर मोठ्या इमारतींचं काम चाललं होतं आणि तिथे त्याला क्रेनवर घेतलं होतं. यार्डाच्या निम्म्याने लहान क्रेन, पण क्रेन. जाताना सांगायचं राहून गेलं, भावजय फोनवर म्हणाली.

ताई एका शनिवारी तिकडे गेली. दोन बस बदलून, शेवटचं अंतर पायी. पत्र्याच्या कुंपणाला फट होती, तिथून तिने वर बघितलं. काचेच्या केबिनमध्ये तो वाकून बसलेला दिसला, मान पुढे काढलेली. त्याने तिला बघितलं असावं, कारण एकदा त्याचा हात वर झाला. पण खाली उतरला तो पाळी संपल्यावरच, तासाभराने. तोवर ती वाळूच्या ढिगाशेजारी उभी होती.

समोर चहाची टपरी होती. दोघं बाकावर बसली. पाठ कशी आहे, तिने विचारलं. बरी आहे, तो म्हणाला. इथे मुकादम बरा आहे, बगळा कुणी म्हणत नाही, आडनावाने हाक मारतात. चहा निवत आला तरी तिने तोंडाला लावला नव्हता. वर्षभर घोळवलेलं वाक्य तिने कसंबसं बाहेर काढलं.

"त्या दिवशी आल्या आल्या मी तुला सरळ विचारायला हवं होतं. बाकी सगळं नंतर."

भाऊ कपाच्या कानाशी चाळा करत होता.

"विचारायचं काय होतं, ताई?" तो म्हणाला. "मी काही घेतलेलं नाही, हे तू सांगायला हवं होतंस. सगळे मला विचारतच होते."

त्याचा आवाज चढला नाही. ताईने काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आता ती काहीही म्हणाली तरी ते उशिराचं असणार आहे. आणि त्याहून वाईट, ती ते खात्रीने म्हणते आहे की प्रायश्चित्त म्हणून, हे त्याला कधीच कळणार नाही. तिला तरी कुठे कळत होतं. ती गप्प राहिली. त्याने ते गप्प राहणंही बघितलं.

मग त्याने दोघांच्या चहाचे पैसे दिले, तिची पिशवी उचलली आणि तिला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत रस्ता उकरलेला होता. तिथे त्याने तिचा हात धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडला. घरी चल, असं तो म्हणाला नाही. उजेड आहे तोवर निघालेलं बरं, म्हणाला, पुढची बस भरून येते. बस आली तेव्हा त्याने पिशवी वर दिली आणि कंडक्टरला सांगितलं की बाईंना चौकात उतरवा, त्यांना इकडचं माहीत नाही.